लिलाव थांबवणारे बाबा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. घरावर लिलावाची नोटीस लागलेला जो तो बाबांचे पाय धरायला आला होता. बाबा घडी घातलेल्या 'संकल्पपत्रा'वर सही घेत, डोळे मिटत आणि दीड-दोन महिन्यांत लिलाव थांबे. सहा घरांचा थांबलाही होता. ते कोणी नाकारत नव्हतं.

टपालवालीही नाकारत नव्हती. गृहकर्ज सवलत कार्यालयाची सहा रजिस्टर पाकिटं तिनेच इथे आणून दिली होती. प्रत्येक पाकिटाच्या दुसऱ्या दिवशी बाबांना दृष्टांत होई. आज सातवं आलं होतं. पत्ता सभागृहाचाच, नाव मात्र तिच्या सख्ख्या ताईचं.

ताई पुढेच बसली होती. बाबा सांगत होते, "माई, तुझं घर वर अडकलंय. श्रद्धा कमी पडते. बांगड्या ठेव."

ताई बांगडी ओढू लागली. साबणाशिवाय ती निघेना.

"ताई, आधी इथे सही कर," टपालवाली म्हणाली.

शिष्य पुढे धावला. "टपाल मी घेतो."

"नाव हिचं, सही हिची."

"पत्रात अशुभ असतं, मुली. मंत्रून देतो," बाबा म्हणाले.

"वाचून झालं की मंत्रा."

ताईने पाकीट फोडून मोठ्याने वाचलं, "'आपल्या सवलतीच्या अर्जासोबत पगाराचा दाखला नाही. शुक्रवारपर्यंत न दिल्यास अर्ज रद्द होईल. हे दुसरे स्मरणपत्र.' अगं, मी अर्ज केलाच कधी?"

सोबत अर्जाची प्रत होती. खाली तिचीच सही.

"ही तर संकल्पपत्रावरची!"

संकल्पपत्र म्हणजे सरकारचा फुकट मिळणारा अर्ज होता, फक्त सहीची जागा दिसेल असा दुमडलेला. मंजुरी आली की चमत्कार, त्रुटी निघाली की श्रद्धा कमी. ताईचं पहिलं पत्र टपालवाली रजेवर असताना शिष्याने घेतलं होतं.

"म्हणजे वर अडकलं होतं काय?" एका गवंड्याने विचारलं.

"पगाराचा दाखला," टपालवाली म्हणाली.

बाबा शांतपणे म्हणाले, "निमित्त काहीही असो. घरं वाचली ना?"

"वाचली," गवंडी उठला. "आता श्रद्धेपोटी ठेवलेली माझी मोटारसायकल परत द्या."

शुक्रवारी ताईने सवलत कार्यालयात दाखला दिला आणि अर्जावरचा पत्ता बदलून घेतला. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता शिक्का मारला. महिन्याभराने मंजुरी ताईच्या स्वतःच्या पत्त्यावर आली.

घरावर नोटीस आली की भीती वाटतेच, त्यात लाज कसली? पण हात जोडण्याआधी त्या खिडकीशी जाऊन विचारा. रांग लांब असेल, उत्तर तुसडं मिळेल. पण फुकट मिळेल, आणि खरं मिळेल.