तिसरं कडवं

राजुऱ्यात माझ्या कानांचं कौतुक होतं, जिभेचं नव्हतं. बसस्टँडसमोर माझं कॉम्प्युटरचं दुकान. जुनी कॅसेट आणा, चरे पडलेली सीडी आणा, मी ती कॉम्प्युटरवर उतरवून, खरखर काढून नव्या सीडीवर लिहून द्यायचो. मोहसीन आधी गिऱ्हाईक झाडतो आणि मग गाणं, असं लोक हसून सांगत. मी काही मनावर घेत नसे. काम चोख असलं की तोंडाचं कोण बघतो, असा माझा समज होता.

धुरपताबाई आली ती २००५च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी. जिवतीकडच्या डोंगरावरच्या एका गुड्यातून, गोंडांच्या पाड्यातून, पहिल्या गाडीनं आली होती. पदरात गुंडाळलेली सीडी तिनं काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे मधातच अटकून राह्यली. चांगली करून दे. पंधरा दिसानं पोरीले वरीस होते. सगेसोयरे येतीन, त्याइले आयकवाचं हाय."

पोरगी म्हणजे दिव्या. नववीत होती, दोन दिवसांच्या तापात गेली. त्याआधी एकदा थोरला भाऊ सुरज, जो चंद्रपूरला शिकायला होता, तिला तिथल्या एका स्टुडिओत घेऊन गेला होता. तिथं तिनं एकच गाणं म्हटलं आणि त्याची एकच सीडी निघाली. पुढे तो स्टुडिओ बंद पडला. म्हणजे दिव्याचा आवाज जगात कुठं असेल तर तो आता माझ्या काउंटरवर होता.

मी सीडी ड्राइव्हमध्ये टाकली. गाणं गोंडीत होतं. मला गोंडी येत नाही, पण आवाज असा मोकळा की मी हातातला चहा खाली ठेवला. दोन कडवी सरळ उतरली. तिसऱ्याला ड्राइव्ह गुरगुरायला लागला. माझं सॉफ्टवेअर बिघडलेली जागा सोडत नसे, पुन्हा पुन्हा वाचायचं. त्यानं ऐंशी वेळा वाचली आणि शेवटी लाल रेघ मारून मोकळं झालं. आठ सेकंद गेले होते. मग चौथं कडवं ठणठणीत लागलं.

मी सीडी काढून उजेडात धरली. नुसते आडवे-उभे चरे असते तर काही वाटलं नसतं. हे गोल होते, एकात एक, भाकरीच्या तव्यावर असतात तसे. सीडीवरचं गाणं गोलच लिहिलेलं असतं. उभा चरा गाण्याला नुसता ओलांडून जातो, गोल चरा मात्र सगळी ओळच खाऊन टाकतो.

"बाई, काय केलं तुमी हिले?"

"अटकाले लागली ना भाऊ. मले वाटलं मळली असन. मीनं राखेनं घासली. ताट घासतो तशी."

आणि माझं डोकं सरकलं.

"ताट हाय का हे? राख लावते का कोनी सीडीले? आपल्या पोरीचा आवाज तुमीच घासून काढला, बाई!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. धुरपताबाईनं मान खाली घातली. मग विचारलं, "तेवढंच गेलं का भाऊ? तेच, तिसरं?"

"तेवढंच. आठ सेकंद. चार मिनिटाचं गानं तर हाय ना?"

"तेच तर..." ती म्हणाली आणि थांबली. मी पुढं काही विचारलंच नाही. पुढच्या बाजाराला या, म्हटलं. ती उन्हात निघून गेली.

त्या आठवड्यात माझं दुसऱ्या कामात लक्ष लागेना. आपण काय बोललो ते आठवलं की जेवण जाईना. कमरजहाँनं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्हारे मुंह को कोई घिस दे तो अच्छा." मी सीडीला टूथपेस्ट लावून, मधून कडेकडे हलक्या हातानं पुसून पाहिलं. मित्राचे दोन ड्राइव्ह मागून आणले, अगदी मंद वेगावर लावले. पण ती ओळ कुठंच नव्हती. मी हात टेकले.

मग मला शक्कल सुचली. चारही कडव्यांची चाल एकच होती. मी दुसऱ्या कडव्यातली तीच आठ सेकंदांची ओळ उचलली आणि तिसऱ्याच्या जागी बसवली. दोन्हीकडचे सांधे असे जुळवले की माझ्याही कानाला कळेनात. मला खरंच वाटलं, बोललेलं फेडलं.

पुढच्या बाजाराला धुरपताबाई आली. मी तिला स्टूल दिलं आणि गाणं लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तिसरं कडवं आलं, गेलं. तिनं डोळे उघडले.

"हे तिनं नाई म्हटलं, भाऊ."

मी खोटं बोलणार होतो. तिच्या तोंडाकडं पाहून जमलं नाही. सगळं सांगितलं.

तिला राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "गानं तिनंच जुळवलं होतं. घरच्याइले एकेकाले हाक मारते. पयले आज्याले. मंग झिंगूले, तिच्या बापाले. तिसऱ्यात मले. मंग सुरजले. तू तिथी बापाचीच हाक लावली."

घरी सीडी लावायला काही नव्हतं, तेही तिनं सांगितलं. वर्षभर ही बाई गुड्यातल्या मास्तरच्या घरी जाऊन ती ओळ पुन्हा पुन्हा लावत होती. अटकायला लागली म्हणून तिनं ती घासली. आणि मी भर दुकानात तिला काय म्हणालो होतो!

"माफ करा, बाई," मी म्हटलं.

"ते काढून टाक, भाऊ. तिथी काई नको लावू. ते मायी जागा हाय."

मी काढलं. आता तिथं खरखरही नव्हती, नुसती शांतता. सीडी लिहिण्याआधी एकदा लावून पाहतो म्हटलं. आज्याचं कडवं झालं, बापाचं झालं. मग तिसऱ्या कडव्याची चाल सुरू झाली आणि हाकेच्या जागी आवाज तुटला.

"ओ," धुरपताबाई म्हणाली. मोठ्यानं नाही. चुलीपुढं बसलेली बाई अंगणातल्या लेकराला देते, तेवढ्याच आवाजात.

मी स्क्रीनकडं पाहत राहिलो, मला तिच्याकडं बघवेना. आठ सेकंद संपले आणि दिव्या सुरजला हाक मारू लागली.