रक्ताचं सूत्र

आमच्या ब्रिस्बेनच्या विभागात एक जुनी चाल आहे. ज्याचा कोड फुटेल त्याने शुक्रवारी सकाळच्या चहाला केक आणायचा. कोड फुटणं म्हणजे संगणकात सोडलेली लहर विझायच्या ऐवजी वाढत वाढत जाणं आणि शेवटी पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसता कचरा उरणं. मी इतके केक आणलेत की बेकरीवाली मला नावाने ओळखते. आसेताने मात्र एकदाही आणला नव्हता.

आसेता सामोआची, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. आमचं काम एका हेल्मेटचं. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या डोक्यावर ते चढवायचं, मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि आत रक्तस्राव आहे की गुठळी ते ओळखायचं. जिथे स्कॅनचं मशीन नाही अशा लांबच्या गावांसाठी. गुठळी असेल तर ती विरघळवायचं औषध देतात. रक्तस्राव असताना तेच दिलं तर माणूस हातचा जातो.

खऱ्या डोक्यांच्या आधी आम्ही संगणकातली डोकी वापरतो. त्रास असा की हाडात, मेंदूत, रक्तात प्रत्येक वारंवारतेची लहर वेगळ्या वेगाने जाते आणि वेगळी शोषली जाते. म्हणून प्रत्येकासाठी मोजलेल्या आकड्यांवर एक सूत्र बसवावं लागतं. हे काम इतकं किचकट की कोणी आपणहून मागत नाही. आसेताने बसवलेल्या सूत्रांतून रक्तस्राव असा लख्ख दिसायचा की आमचा प्रोफेसर नेव्हिल ऊर्फ नेव्ह पाहुण्यांना आधी तिचीच चित्रं दाखवायचा. महिनाअखेर प्रबंध दिला की सामोआच्या राजधानीत, आपियात, तिची शिकवण्याची नोकरी पक्की होती. तिच्या आईने चर्चमध्ये सांगूनही टाकलं होतं.

तिचं शेवटचं प्रकरण तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी थकले होते. वर्षावर्षाच्या करारावर माणूस किती काळ ताजातवाना राहणार? लहर डोक्यात जाऊन परत आली की गणित थांबवायचं, हा नेव्हचा नियम आम्ही सगळे डोळे झाकून पाळतो. पुढे लहरीचं विझत जाणारं शेपूट तेवढं उरतं, त्यात वेळ कोण घालवणार? त्या शुक्रवारी मी थांबायची जागा घालायलाच विसरले आणि गणित चालू ठेवून घरी गेले. सोमवारी येऊन बघते तर सगळं फुटलेलं.

आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग वाढ कुठून सुरू झाली ते मागे मागे जाऊन बघितलं. ती रक्तातून झाली होती. वारंवारतेच्या एका अरुंद पट्ट्यात आसेताचं सूत्र घेतलेल्या लहरीपेक्षा जास्त परत देत होतं. खरं रक्त लहर गिळतं, हे रक्त लहर ओतत होतं. इतकं लख्ख दिसायचं ते त्यामुळेच. चहा केला, तो तसाच निवला. मला माझ्याच डोळ्यांचा राग आला होता. आणखी एक महिना हे बघितलं नसतं तर काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. मग तिला बोलावलं.

तिने आलेख बघितला. "म्हणजे या शुक्रवारचा केक माझा."

"आसेता, चेष्टा नको गं."

"मग काय रडू? सूत्र सुधारून बघते." 

तिने ते दुपारपर्यंत सुधारलं. रक्त आता रक्तासारखं वागत होतं. आणि चित्रात काहीच नव्हतं. मेंदूच्या करड्या रंगात तो स्राव असा विरघळला होता की कुठे आहे ते माहीत असूनही मला बोट ठेवता येईना.

आम्ही नेव्हच्या खोलीत गेलो. वर्षअखेरीस तो निवृत्त होणार होता, अर्धी पुस्तकं खोक्यांत गेली होती. त्याने आलेख बघितला आणि हात झटकला.

"शेपटाकडे कोण बघतं, ग्वेन? छाटा आणि पुढे व्हा. जगभर छाटतात."

"शेपटाचं सोड. रक्त लहर निर्माण करतंय, नेव्ह," मी म्हटलं.

"संगणकातलं रक्त आहे ते. कोणी मेलेलं नाही."

"अजून," आसेता म्हणाली.

तिने त्याला इतक्या वर्षांत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आम्ही सगळे त्याला नेव्ह म्हणतो, अरे-तुरे करतो. ती एकटी प्रोफेसर म्हणते, तुम्ही म्हणते.

"पोरी, महिनाअखेर गाठायचीय ना तुला?" त्याने पेन उघडलं. "आण, सही करतो. उरलेलं नंतर कोणीतरी निस्तरेल."

"प्रोफेसर, माझे आजोबा आमच्याकडे सवाई बेटावर असतात. तिथे हे हेल्मेट पोचेल, स्कॅन नाही पोचणार. डॉक्टर चित्र बघेल. त्याला रक्त दिसणार नाही. तो गुठळीचं औषध देईल."

"आणि तुझी नोकरी?"

"हे प्रकरण नव्याने लिहायला महिनाअखेर पुरणार नाही. ते थांबतील का, आपियाला फोन करून विचारते," म्हणत ती बाहेर गेली.

दाराआडून तिचं सामोअन ऐकू येत होतं. आधी अदबीने, थांबत थांबत, आणि मग दुसरा फोन लावून भरभर, लहान मुलीसारखं. नेव्ह आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. त्याच्या हातातलं पेन अजून उघडंच होतं.

"थांबायची ती जागा मीच ठरवली होती," तो हळूच म्हणाला. "तेव्हा संगणकाचा वेळच मिळायचा नाही."

मला त्याची दया आली आणि संतापही आला.

आसेता आत आली, खुर्चीत बसली.

"ते थांबणार नाहीत. दुसऱ्या कोणाला तरी घेतील."

"आणि आई?" नेव्हने विचारलं.

"आधी रडली. मग विचारलं, रक्त खरंच दिसत नाही का? मी म्हटलं, नाही दिसत." आसेताने मनगटाने नाक पुसलं. "मग म्हणाली, दिसत नाही तर दिसत नाही असंच लिही. चर्चमध्ये मी सांगते."