तिसऱ्यांदा तापलेला विळा

मी एक जुना विळा आहे. मेडशीच्या लोहाराने मला ज्वारी कापायला घडवले. त्या कामात मला कधी भीती वाटली नाही. पण मित्रांनो, आमच्या तांड्यावर माझ्याकडे आणखी एक काम होते. कुणाचे अंग दुखू लागले की मला चुलीत लाल करून दुखत्या जागी टेकवत. त्याला डाग देणे म्हणत. माणूस किंचाळला की दुखणे निघाले, असा समज होता.

एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात रुखमाबाईचा उजवा हात थरथरू लागला आणि खांदा सारखा ठणकू लागला. तिच्या नवऱ्याने, हेमसिंगने, मला दोनदा तापवले. दोन्ही वेळा कातडी जळाली, पण तिचा चेहरा सारवल्या भिंतीसारखा कोरा. आवाजही निघाला नाही. कातडीखालची थरथर मला तेवढी कळली. मी लोखंड, सांगणार कुणाला?

"डाग पोचलाच नाही," शेजारचा रूपला म्हणाला. "अजून तापव. रडली पाह्यजे."

तिसऱ्यांदा मी निखाऱ्यात गेलो. माझाच मला धाक वाटला. हेमसिंगने मला उचलले, तेवढ्यात देवीची लस टोचायला आलेले रहमतुल्ला डॉक्टर दारात उभे राहिले.

"हेमसिंग, काय करून राह्यला तू?"

"दुखणं काढून राह्यलो, डाक्टरसाब. इले लागतच नाही."

"तिले इचारलं का?"

"बोलते कुठं? दगड झाली," रूपला हसला.

डॉक्टर तिच्यापुढे बसले. "रुखमाबाई, लागते का?"

डॉक्टर तिच्याकडे बघत थांबले. मी लालच होतो.

"लागते," ती पुटपुटली. "लय लागते. तोंडच हालत नाही माहं."

हेमसिंगने मला तिच्यापासून दूर धरले.

"हा कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "मूळ डोक्यात. मेंदूतला एक रस आटत असावा, असं मोठे डॉक्टर आता म्हणून राह्यले. म्हणून चेहरा हालत नाही, अन् खांदा ठणकते. खांद्यातून काढाले काहीच नाही."

"मंग औषध?"

"पक्कं औषध अजून नाही. शेक दे, हळू चोळ. अन् इचारत जा."

हेमसिंगने मला पाण्याच्या घंगाळात टाकले. त्या दिवशी किंचाळलो तो मीच.

आता माझी धार गेली आहे. कुडाला खोचलेला असतो. चूल पेटली की अजून भितो. हेमसिंग रुखमाबाईला रोज विचारतो, "आज कसं वाटते वं?" आणि थांबतो.

मित्रांनो, ज्याचे तोंड हलत नाही, त्यालाही विचारा. उत्तर उशिरा येते. तोवर हातातले खाली ठेवा.