शालूचा उपास

शालूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा ताईत होता, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. ती अकोल्याच्या ग्राउंडकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून अगदी स्थिर बसली होती. हात मांडीवर, डोळे मिटलेले, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तरी तो ताईत हलत होता. गळ्याखालच्या खळगीत तो आपोआप उचलला जाई, पडे, पुन्हा उचलला जाई. मधूनच एखादा ठोका चुके. ताईत क्षणभर निपचित राही आणि मग घाईघाईने दोनदा उडे.

सत्यवतीबाईंनी इतर मुलींकडे पाहिलं. सकाळची मॅच जिंकून बराच वेळ झाला होता. सगळ्यांचे श्वास केव्हाच जागेवर आले होते. कुणी वेणी घालत होती, कुणी तळपायातला काटा काढत होती, दोघी जणी हरलेल्या टीमच्या कॅप्टनच्या चालण्याची नक्कल करत होत्या. हलत होता तो फक्त शालूचा ताईत.

बाईंनी नजर काढून घेतली. गेल्या काही महिन्यांत ही सवय त्यांना चांगलीच जडली होती.

"बाई, फायनल उन्हं कलल्यावर आहे न?" शकुन म्हणाली. ती टीमची कॅप्टन, उंच आणि तोंडाळ. "तवरक शालूले पडू द्या. पौषातला आयतवार आहे आज. उपास असन तिचा."

"हो," बाई म्हणाल्या. "उपास असेल."

उपास हा शब्द टीममध्ये बाईंनीच आणला होता. अमरावतीला मुलींच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायला आल्या, त्याच वर्षी त्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत दोन बल्ल्या रोवून व्हॉलीबॉलची जाळी बांधली. गावात कुजबुज सुरू झाली. उड्या मारल्यानं पोरींचं पोट सरकतं, पुढे मूल धरत नाही, असं चांगली शिकलेली माणसंही सांगू लागली. कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव जिनिंगवाले एका संध्याकाळी स्वतः पाहायला आले, आणि नेमकी त्यांच्यासमोर एक मुलगी चक्कर येऊन पडली. आदल्या रात्री तिला ताप होता. भगवंतरावांनी भुवया चढवल्या. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "चतुर्थी आहे ना आज. उपास आहे तिचा."

भगवंतरावांचा चेहरा पाहता पाहता निवळला. "अस्सं. वळणाची दिसते पोरगी," ते म्हणाले आणि निघून गेले.

मग ती रीतच पडली. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला कणकण आली, कुणाचं महिन्याचं अवघड असलं, तरी घरी आणि कमिटीत निरोप एकच जाई. उपासाला कुणी नाव ठेवत नव्हतं. मुली हसत म्हणत, आपल्या टीममंधी पोरी नऊ अन् देव तेहतीस कोटी. टीम नागपूरला जिंकली, जबलपूरला जिंकली. खामगावच्या आणि अकोल्याच्या शाळांतल्या बाया शिकवण्याची पद्धत विचारायला येऊ लागल्या. भगवंतराव प्रत्येक बक्षीस समारंभात उभं राहून सांगत, "आमच्या बाईंच्या हाताखाली आजवर एक पोरगी खेळानं आजारी पडली नाही. उपासतापास सांभाळून खेळतात." टाळ्या पडत. बाई मान खाली घालून बसत. प्रयोगशाळेत एवढं ढिलं विधान त्यांनी कुणा विद्यार्थिनीला करू दिलं नसतं.

शालू आली ती परतवाड्याकडून. बाप गोवर्धन माळी, संत्र्यांची बाग आणि झेंडूचं वावर असलेला. नेटपाशी ती उडी घेई तेव्हा वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी वाटे, आणि बॉल पलीकडच्या जमिनीवर आदळून धूळ उडाल्यावरच लोकांना कळे की तिनं हात फिरवला. दोन वर्षांत बाईंचा सारा खेळ तिच्याभोवती बांधला गेला होता. पावसाळ्यात तिचा आधी एक गुडघा सुजला, मग तो उतरून दुसरा, सोबत बारीक ताप. मुलींनी बिब्ब्याचं तेल चोळलं. घरी निरोप गेला, उपासांनी अशक्तपणा आला आहे.

दिवाळीनंतर वर्गात हृदयाचा पाठ होता. काचेचं नरसाळं आणि रबरी नळी घेऊन मुली एकमेकींचे ठोके ऐकत होत्या. शालूच्या छातीला नरसाळं लावून शकुन ओरडली, "बाई, हिच्या आत कोणीतरी फुंकून राहिलं." वर्ग हसला. शालू सगळ्यांत जास्त हसली. बाईंनी नळी कानाला लावली. ठोक्याच्या जागी एक लांब घसट होती, चीर पडलेल्या भात्यासारखी. त्यांनी पुन्हा ऐकलं. मग काही न बोलता नळी गुंडाळून ठेवली आणि पाठ पुढे चालू केला.

त्याच आठवड्यात त्या शालूला लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून मुलीला व्हरांड्यात बसवलं आणि दार लोटलं.

"हृदयाची झडप खराब झाली आहे. सांधे सुजवणाऱ्या त्या तापानंच. धावणं नाही, उड्या तर नाहीतच. लग्न ठरवत असतील तर आधी मला भेटायला सांगा, बाळंतपण झेपायचं नाही तिला. घरी तुम्ही सांगता की मी बोलावून घेऊ?"

"मी सांगते," सत्यवतीबाई म्हणाल्या.

खरंच सांगणार होत्या. पण नागपूरची मॅच तोंडावर होती, म्हणून ती झाल्यावर सांगायचं ठरलं. मग अमरावतीची आली. मग अकोला. शालूला त्या सरावात कमी पळवू लागल्या, पण मॅचमधून काढलं नाही. काढायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण भगवंतरावांच्या भाषणातल्या त्या एका वाक्याच्या मुळावर आलं असतं. पुढच्याच महिन्यात मुलींनी बल्ल्यांवरून जाळी उतरवून गुंडाळली असती आणि मागच्या जागेत कमिटीनं सरकीची पोती रचली असती. बाईंना हे सगळं दिसत होतं. ताईतही दिसत होता.

टीम उतरली होती त्या धर्मशाळेच्या ओसरीवर दुपारची जेवणं चालली असताना गोवर्धन आला. अंगात धुवट बंडी, डोक्यावर पटका, खांद्यावर संत्र्यांची करंडी आणि हातात झेंडूच्या माळांचं गाठोडं.

"रामराम बाई. नवाच्या नव पोरींसाठी माळा आणल्या. जितल्या तर घाला, हरल्या तर माघारी नेतो, बाजारात खपतील." तो स्वतःच हसला. "परतवाड्याची मोटर कोळशावर चालते आता. पेट्रोल सारं लढाईत गेलं. चढ आला की आमालेच ढकला लागे. शालू कुठी हाय?"

"आत पडली आहे."

"पडू द्या. निर्जळी हाय न तिची." गोवर्धन करंडी उतरवून ओसरीच्या कडेला बसला. "तिची माय गावभर सांगत फिरते, मायी पोरगी कालेजात जाऊन बी एक उपास मोडत नाही. त्या उपासायनं तर काम झालं बाई. दर्यापूरचे पाहुणे राजी झाले. आज त्यायलेच संगं आणलं, म्हटलं पोरीचा खेळ बी पाहा. चैतात बार उडवून देतो. तुमाले यावं लागते बरं."

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "निर्जळी कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच तर निरोप धाडला तिच्या मायले. कावून, तुमाले नाही सांगितलं?"

बाई एक संत्रं घेऊन आत गेल्या. शालू सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशाला दोन पिशव्या रचून. सपाट झोपलं की तिला दम लागे हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी संत्रं सोललं आणि फोड पुढे केली.

"नको बाई. आज उपास हाय."

"शालू, तुझ्यामाझ्यात उपास कसला? खा."

"आज खरा हाय." ती उठून बसली. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. "पानी बी नाही घेतलं."

"का?"

"रागावू नका बाई. आपन देवाचं नाव घेऊन किती खोटे उपास सांगितले. माये तर सगळ्यात जास्त. म्हून छातीत असं होते. मी ते खरे करून राहिली. एकेक करून फेडून राहिली."

"केव्हापासून?"

"तुमी नळी लावून आइकलं न, तवापासून. दोनदा आइकलं अन् काहीच बोलल्या नाही. बाकी कोणाचं काही असतं तर तुमी लगेच समजावून सांगता. म्या म्हटलं, जे बाईले सांगता येत नाही ते देवाचंच असन." शालूनं ताईत मुठीत धरला. "आता थोडेच राहिले बाई. हे झाले की बरं वाटन मले."

खोलीत संत्र्याच्या सालीचा वास भरला होता. बाईंनी तिच्या पायाकडे पाहिलं. घोट्यावर पैंजणाचा वळ होता. खोल, आणि पैंजण काढलेले असूनही न बुजणारा. त्यांनी तिथं बोटानं दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"देवाचं काही नाही त्यात," त्या म्हणाल्या. "पाणी पी. आणि आज बसून राहा."

"अन् बाबाले काय सांगू? दर्यापूरचे आले हायेत."

बाईंकडे उत्तर होतं. दिवाळीपासून होतं. बाहेर शकुननं हाक मारली, ग्राउंडवर बोलावलं आहे. शालू उठली, काष्टा आवळला आणि भिंतीला हात लावत दारातून बाहेर पडली. पाण्याचा लोटा तसाच राहिला.

ग्राउंडवर काळी माती पाणी शिंपून दाबली होती. चुन्याच्या रेघा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. एका बाजूला बायकांसाठी कनात, दुसऱ्या बाजूला खुर्च्या. मधल्या खुर्चीत भगवंतराव, शेजारी अकोल्याची प्रतिष्ठित मंडळी. खुर्च्यांमागे जमिनीवर गोवर्धन आणि दर्यापूरची दोन माणसं, पटके सावरत बसलेली.

"बाई, आज कप आणा," भगवंतरावांनी बसल्या जागेवरून सांगितलं. "पुढच्या साली मुरूम टाकून पक्कं ग्राउंड. शब्द देतो चारचौघांत."

बाईंच्या टीमची एक रीत होती. मॅचआधी बाई रेघेशी उभ्या राहून एकेकीचं नाव मोठ्यानं घेत. नाव येईल तिनं वाकून रेघेला बोटं लावायची, कपाळाला लावायची आणि आत जायचं. नाव घेतल्याशिवाय कुणी रेघ ओलांडत नसे. लोकांना हे आवडायचं, कनातीमागच्या बायका नावागणिक टाळ्या वाजवायच्या. शालूचं नाव नेहमी शेवटी. टाळ्या तिच्यासाठी राखून ठेवलेल्या असत.

"शकुन."

शकुन आत गेली. पाठोपाठ कौशल्या, मग पार्बता. बाई सावकाश नावं घेत होत्या, नेहमीपेक्षा सावकाश. रेघेबाहेर उभ्या मुली कमी होत गेल्या. शेवटी एकटी शालू उरली. ती आधीच वाकली होती, बोटं रेघेवर, आणि वाकलेलीच राहिली होती. उठायला वेळ लागत होता. ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या. ताईत गळ्यातून पुढे लोंबत होता आणि हवेत थरथरत होता.

कनातीमागून आधीच टाळ्या सुरू झाल्या. नेटजवळून शकुननं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"बोला न बाई," कुणीतरी म्हणालं.

मागून गोवर्धनचा आवाज आला, शेजारच्या पाहुण्यांना सांगणारा, अभिमानानं जरा चढलेला. "निर्जळी हाय मायी पोरगी सकाळपासून. तरी पाहा आता कशी उडते."

भगवंतरावांनी ते ऐकलं. ते अकोल्याच्या मंडळींकडे वळले. "पाहिलंत? मी नेहमी सांगतो ते हेच. बाई, तुम्हीच सांगा यांना. उपास आहे ना हिचा?"

टाळ्या थांबल्या. सगळ्या माना बाईंकडे वळल्या. कमिटी, पाहुणे, कनातीच्या फटीतून डोकावणाऱ्या बायका, आणि रेघेवरून मान वर करून पाहणारी शालू. ती पंचांकडे नाही, बापाकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे पाहत होती, वर्गात त्या दिवशी पाहिलं होतं तशीच.

सत्यवतीबाई दोन पावलं पुढे झाल्या, वाकल्या, आणि शालूचा हात रेघेवरून उचलून आपल्या हातात घेतला. तो गार होता.

"नाही," त्या म्हणाल्या, मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट. "उपास नाही. शालूच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, देवाचा त्यात काही संबंध नाही, आणि हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे. गोवर्धनजी, पाणी आणा. ही आज खेळणार नाही, आणि यापुढे कधीच खेळणार नाही."