बोटांना लागलेली माती

सत्तावन्न साली मंडईच्या जत्रेला गुणवंतराव मास्तरांनी दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, चक्क ग्रीकांची जुनी गोष्ट बसवली. डोळस राजाला स्वतःचं पाप दिसत नाही, आंधळ्या ज्योतिष्याला दिसतं आणि तो ते राजाच्या तोंडावर सांगतो. एवढी अक्कल आणायला मास्तरांना ग्रीसपर्यंत जावं लागलं, याचं कोलू ढिवराला हसू आलं. तो जन्मांध. ज्योतिष्याचं काम कोलूला द्या, असं कुणीतरी सुचवलं, तर मास्तर म्हणाले, "खऱ्या आंधळ्याले सोंग जमत नाई." मग तळ्यापलीकडचे बगळे मोजणाऱ्या नथ्थूच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

मंडईच्या दुपारी कोलू रोजच्यासारखा अनवाणी तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उतरला. पायथ्याशी पाणी झिरपत होतं. ते नेहमीचंच, पण आज त्यानं ते बोटांत चोळलं, तर माती लागली. नितळ पाणी झिरपलं तर भिण्याचं कारण नाही, मातकट झिरपलं की पाळ आतून चालली. खेकड्यांनी पोखरली असणार. आणि खाली शेतात अख्ख्या गावाच्या कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचलेली. त्यात एक त्याचंही होतं, वर्षाचं पोट.

तो काठी टेकत बाजारात आला. ज्याला सांगावं तो म्हणे, "थांब, दंडार होऊ दे." शेवटी तो मंचावरच चढला.

"पाळ फुटून राह्यली. पुंजणे हलवा."

राजा झालेल्या रामाजीला पाठ केलेलंच वाक्य आठवलं. "म्हाताऱ्या, तुला डोळे नाहीत. तुला काय दिसणार?"

"हातानं चोळून पाह्यलं, बाबू. माती लागली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्स मोअर," लोक ओरडले. मास्तरांनी तर पडद्याआडून त्याला पुन्हा पुढं ढकललं. कोलूनं पुन्हा सांगितलं, पुन्हा टाळ्या पडल्या. या डोळसांपुढं रडायची सोय नव्हती, म्हणून तो उतरला. वच्छलाला, आपल्या बायकोला, घेऊन तो पुंजणं उपसू लागला. दहा-बारा पेंढ्या वर नेल्या तोवर पाळ फुटली.

सकाळी शेतात नुसता चिखल होता. मास्तर चष्मा पुसत कोलूजवळ आले.

"कोलूभाऊ, लई नुकसान झालं. पण काल तुमी काय रंगवलं! पुढल्या मंडईले ज्योतिषी तुमीच व्हा."

कोलू ओली पेंढी पिळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मले नाई जमत, मास्तर. आंधळ्याचं काम तुमा साऱ्याइलेच चांगलं जमते."