अण्णांचा बिल्ला

राग मला पटकन येतो, आणि त्या दिवसांत तो अण्णांवर यायला कारणंही भरपूर होती. अण्णा म्हणजे माझे सासरे, दामाजी. घोडबंदर रोडचे टॉवर संपतात आणि खाडी सुरू होते, तिथल्या कोळीवाड्यात आमचं घर. वय झालं तसं अण्णांचं डोकं अधूनमधून जाग्यावर नसायचं. फिरायला म्हणून निघायचे आणि परतीची वाट विसरायचे. दोनदा टॉवरच्या वॉचमनने आणून सोडलेलं. तिसऱ्यांदा कोण आणणार, या काळजीने माझा जीव अर्धा झालेला.

"गळ्यात नाव आणि नंबर घाला," डॉक्टर म्हणाले. प्रणितने, माझ्या नवऱ्याने, ऑफिसात असतं तसं आयकार्ड करून आणलं. अण्णांनी ते सरळ खाटेखाली फेकलं.

"मी काय सोसायटीचा कुत्रा हाय, पट्टा बांधाला?"

मग मला आमच्या मनालीचे बिल्ले आठवले. पोरीच्या दप्तराला, बाटलीला मी नावाचे बिल्ले घरीच बनवते. एक प्लास्टिकचा कागद मिळतो. त्यावर मार्करने मोठं लिहायचं, कापायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. आत गेला की तो पापडासारखा वळवळतो, आक्रसतो आणि पुन्हा सपाट होऊन इवलासा, जाड, टणक बाहेर येतो. पिनेसाठी भोक मात्र आधीच पाडायचं, नंतर कितीही आदळआपट केली तरी पडत नाही. हे मी आदळआपट करूनच शिकले.

तर मी 'दामाजी' लिहिलं, भाजलं. अक्षरं एकमेकांत घुसून बसली. अण्णांनी बिल्ला उजेडात धरला.

"ह्या काय? माशीचं पाय?"

"मग तुम्हीच लिहा," मी चिडून मार्कर पुढे केला.

आता हे सांगायला हवं, की कोळीवाड्यातल्या होड्यांची नावं आयुष्यभर अण्णांनीच रंगवली. हल्ली चहाची बशी धरताना त्यांचे हात थरथरतात. मार्कर हातात आला आणि थरथर गेली कुठे कोण जाणे. पानभर मोठी अक्षरं, भरदार, मोकळी, वर एका दमात ओढलेली रेघ. मी बघतच राहिले. असं अक्षर बघायला मिळायलासुद्धा नशीब लागतं. मग मी वाचलं. सगुणा.

सगुणा म्हणजे माझी सासू. त्या तिथेच बसून कोळंबी सोलत होत्या.

"अहो अण्णा, तुमचं नाव लिहायचं होतं. आईंचं कशाला?"

"माझा कशाला?"

"हरवलात तर लोकांना कळायला नको, कोण आहात ते?"

"हरवलेल्याला नाव कोन इचारतं? कुनाचा, असा इचारतात."

मी कपाळावर हात मारला. वाटलं, आईंनी तरी समजवावं. त्या म्हणाल्या, "म्हातारा चळलाय. आता माझा नाव हाय तर गुलाबी रंग तरी भर." ह्या घरात माझं कोण ऐकतं? मी मुकाट्याने रंग भरला, भोक पाडलं आणि मागच्या बाजूला माझा मोबाइल नंबर लिहिला. भाजताना अण्णा ओव्हनच्या काचेला नाक लावून उभे. "एवरा लिवला, आन् एवराच झाला," असं स्वतःशीच म्हणत हसले. बिल्ला मी त्यांच्या सदऱ्याला सेफ्टी पिनेने लावला. रोज सदरा बदलला की आधी बिल्ला मागायचे.

आणि एका शनिवारी दुपारी अण्णा गायब. जेट्टी, देऊळ, रिक्षा स्टँड, सगळं पालथं घातलं. आई मोठ्याने बोलत होत्या, "सापडू दे, तंगडीच मोडते त्याची." मी ओट्याशी उभी राहून रडत होते. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन.

"सगुणाचं घर काय?"

कल्याणच्या मासळी बाजारातून एक कोळीण बोलत होती. कल्याण. हा माणूस तिथवर पोचला कसा, देव जाणे.

"बाबा कवापासून हितं उभं हायेत. नाव इचारला, तं सांगता येयना. मंग म्हटला, तुमी कुनाचं? तं छातीवरचा बिल्ला पुढं केला."

स्वतःचं नाव एक दिवस जाणार, हे अण्णांना ठाऊक होतं. जे जाणार नाही ते त्यांनी लिहून ठेवलेलं, आणि मी शहाणी त्यांची चूक काढत बसलेले. इतका अभिमान मला आजवर कुणाचा वाटला नाही.

कल्याण ऐकताच आई शिव्या अर्ध्यावर टाकून चपला घालायला लागल्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या त्याच बाजारात मासे विकायला बसत. बाजार उठला की अण्णा होडी घेऊन त्यांना न्यायला जात. प्रणितच्या गाडीत बसल्यावर मात्र त्यांचं तोंड पुन्हा सुरू झालं. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

अण्णा त्या कोळणीच्या पाटीशेजारी उभे होते. तिने स्टूल दिलेलं, पण बसायला तयार नव्हते. आम्ही दिसलो तसे आईंवरच भडकले.

"किती येल लावलास? खाडीचा पानी उतराला लागला."

मी म्हटलं, आता भडका उडणार. आईंनी पदर कमरेला खोचला.

"काय करू," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक सुटत नव्हता."

"बरा, चल." अण्णांनी त्यांचा हात धरला आणि खाडीच्या दिशेने निघाले. गाडी दुसऱ्या बाजूला उभी होती. प्रणित त्यांना हाक मारणार होता, मी त्याचा दंड धरला. आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग चालत राहिलो.