सुई नको!

आमच्या ह्यांना एक बायको आणि एक मोटरसायकल. दोघी जुन्या, दोघी आवाज करणाऱ्या, पण लाड मात्र मोटरसायकलचेच. मी तिला सवतच म्हणते. सुट्टी असली की हे शेडमध्ये तिच्या पायाशी बसलेले, आणि मी इकडे शिवणाच्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या पडद्यांना टीप मारत एकटीच बडबडतेय.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय हळूहळू वळणावर आला, काठी टेकत चालायला लागले. वाचा मात्र येईना. बोलणं शिकवायला येणाऱ्या ताई म्हणायच्या, "शब्द आत आहेत, काकू. काकांनी प्रयत्न केला तर येतील. पण गप्प बसायची सवय लागली तर कठीण आहे." आणि नेमके हे गप्प बसले. एकदा पाणी मागायला गेले आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. भेटायला आलेला धाकटा दीर फिस्सकन हसला. त्याला मी चहाचा कप अर्धा असतानाच वाटेला लावला, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्या दिवसापासून ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मी आतल्या आत कुढत होते. घरात भांडायला माणूसच नाही, सांगणार कोणाला?

शेडमध्ये मात्र रोज जायचे, सवतीसमोर खुर्ची टाकून बसायचे. म्हटलं, ही बया सुरू तरी करू, तिचा आवाज ऐकून ह्यांना जरा बरं वाटेल. नाक्यावरचा मेकॅनिक बोलावला. त्यानं कार्बोरेटरकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "हा बाद झाला, काकू. नवा बसवू." ह्यांनी काठी उचलली. मेकॅनिकनं काढता पाय घेतला.

"बरं, मग मी करते," मी बाह्या सरसावल्या. "तुम्ही दाखवा."

हे डाव्या हातानं दाखवायचे, मी करायची. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. चोक ओढला, किक मारली. मारली, मारली, माझा गुडघा बोलायला लागला, आणि एकदम सवत धडधडली! पण चोक सोडला की फुस्स. परत ओढला की चालू, सोडला की बंद. ह्यांनी काठीनं कार्बोरेटरवर टकटक केलं. म्हणजे दुखणं तिथे. चोक हवा अडवतो, म्हणून थोड्या पेट्रोलवरही इंजिन तग धरतं. हवा मोकळी झाली की ते पेट्रोल पुरत नाही. कुठेतरी वाट तुंबलीय, एवढं मलाही कळलं.

खालची वाटी उघडली तर आत जुन्या पेट्रोलचा चिकट तपकिरी साका. ह्यांच्या बोटाच्या इशाऱ्यानं आतला पितळी जेट काढला. एवढासा, करंगळीच्या पेराएवढासुद्धा नाही. मधोमध पेट्रोल जायचं भोक. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं काही दिसेना.

आता माझा जन्म शिवणात गेलेला. तुंबलेलं काहीही दिसलं की हात आपोआप सुईकडे जातो. कॉलरला टोचलेली बारीक सुई काढली, एक डोळा मिटून नेम धरला...

"सुई नको!"

मी दचकून वळले. शेडमध्ये तिसरं कोणीच नव्हतं. हे खुर्चीतून अर्धे उठले होते, चेहरा लालबुंद. "नको! सुई... नको, बाई!"

माझ्या हातून जेट पडला. शोधायला खाली बसले आणि तिथेच ढसाढसा रडले. पितळ मऊ असतं, सुई घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते, हे ह्यांनी गल्लीतल्या किती जणांना ओरडून सांगितलं असेल. मी कधी कान दिला असेल तर शपथ.

जेट पेट्रोलमध्ये भिजवला, सायकलच्या पंपानं हवा मारली. परत उजेडाकडे धरला तर आरपार ठिपका दिसला. बसवला, किक मारली, चोक सोडला. सवत धडधडतच राहिली. हे खूश होऊन मान डोलवत बसले, पण तोंड परत बंद.

ताईंना सगळं सांगितलं. "रागातले शब्द कधीकधी असे सुटून येतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मागून बाकीचे आणता येतात का, बघायला हवं."

"राग आणायचा ना? ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून तेच करतेय."

दुसऱ्या दिवशी सवत झकास चालू होती. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि नीट लागलेला हवेचा स्क्रू उगीचच पिळायला लागले. इंजिन अडखळलं. ह्यांनी डोळे वटारले. मी आणखी पिळला.

"उलटा!"

"असा का?" मी तसाच पिळत राहिले.

"उलटा... अगं... उलटा!"

मग इंजिन बंद केलं, कॉलरची सुई काढली आणि सावकाश कार्बोरेटरकडे नेली. ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मी हसू दाबत होते आणि डोळे मात्र भरून येत होते. ह्यांचे ओठ हलले, काहीतरी चुकलं, परत हलले. बराच वेळ गेला. मी घाई केली नाही, जन्मात पहिल्यांदाच.

"मुद्दाम," हे म्हणाले. "तू... मुद्दाम... करतेस."

आवाजात राग नव्हता. एकेक शब्द शोधून, जोडून, हे माझ्याशी बोलले होते.

"हो, करते मुद्दाम," मी नाक पुसत म्हटलं. "काय म्हणणं आहे तुमचं?"